कोणत्या काट्यावर मापलं

माझ्या हातून झालेली पहिली चूक अगदी साधी होती. नोकरीला लागून तीन महिने झाले होते, कंपनीनं टेबलावर कोरा करकरीत कॉम्प्युटर दिला होता, आणि त्याच्यावर बांधलेलं माझं पहिलं पॅकेज, म्हणजे गणित करणाऱ्या प्रोग्रॅमचा तयार संच, मी अकरा गिऱ्हाइकांना पाठवून दिलं. माझ्या टेबलावर ते वाऱ्यासारखं धावत होतं. दुसऱ्या दिवशी अकरांपैकी सात ठिकाणी ते सुरू होताक्षणी मेलं आणि मरताना पडद्यावर दोन इंग्रजी शब्द लिहून गेलं. त्यांचा अर्थ होतो ‘बेकायदेशीर सूचना’.

सातांपैकी सहा जणांनी मला शिव्या दिल्या. सातवे होते शिरूरजवळ माती तपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवणारे एक निवृत्त मास्तर. त्यांनी खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि मग मला फोन केला. आवाज अगदी बारीक.

“साहेब, आमच्याकडून काय बेकायदा झालं का? आम्ही फक्त पालाश आन् स्फुरद मोजत होतो.”

“मास्तर, जे काय झालंय ते माझ्याकडून झालंय. तुम्ही कुलूप काढा.”

“तेवढं लेखी द्याल का?”

मी हसलो. लेखी दिलं नाही. ते द्यायची वेळ पुढं वीस वर्षांनी आली, आणि तेव्हा हसायला कुणी नव्हतं.

हा धंदा काय आहे हे मला माझ्या लग्नातसुद्धा नीट सांगता आलं नव्हतं. माझे सासरे, आप्पा, शिरूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. मापाडी म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये काटा धरून उभा राहणारा माणूस. त्यानं सांगितलेलं वजन दोघांनीही मानायचं. आप्पांनी मांडवात मला विचारलं, “जावई, कंपनी इकती काय तुमची?”

“बेरीज आणि गुणाकार.”

“त्ये तर शाळंत फुकाट मिळतंय,” आप्पा म्हणाले आणि पंगतीकडं वळले. ते अजून विचारतात, अधूनमधून, की ‘चालतंय का दुकान’.

चालतं. कारण साधं आहे. हवामानाचा अंदाज असो, पुलाची ताकद असो, औषधाची तपासणी असो, आत कॉम्प्युटर एकच काम करत असतो: आकड्यांच्या लांबच लांब रांगा घ्यायच्या, एकमेकींशी गुणायच्या आणि बेरजा करायच्या. प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणारा हे काम स्वतः लिहीत बसत नाही. आमच्यासारख्यांकडून तयार संच घेतो. आता गोम अशी, की प्रत्येक प्रोसेसरची कुवत वेगळी. कांद्याच्या शेतात एखादा गडी एका खेपेला दोन पाट्या उचलतो, एखादा चार, आणि नवीन पोरं आठ उचलतात. प्रोसेसरचं तसंच, जुना एका झटक्यात दोन आकडे घेतो, नवा आठ. दोन पाट्यांच्या गड्याला ‘आठ उचल’ म्हटलं तर तो जागेवर बसतो. तीच बेकायदेशीर सूचना. मी पहिल्या वेळी माझ्या तरण्या कॉम्प्युटरच्या मापाचा सदरा शिवून सगळ्या गावाला वाटला होता.

त्यानंतर मी शहाणा झालो. एकाच पॅकेजमध्ये सगळ्या मापांचे सदरे भरायचे, आणि सुरू होताना त्यानं आधी यंत्राला विचारायचं, ‘बाबा, तुला किती झेपतं?’ जे उत्तर येईल त्याप्रमाणे आतला गडी निवडायचा. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही, कळू नये अशीच सोय. त्याला फक्त काम भराभर झाल्याचं दिसतं. आमच्या कामाची तारीफ कधी होत नाही. कुणी फोन केला तर तो तक्रारीचाच असतो, हे मी घरी अनेकदा सांगितलंय. त्यावर माझी बायको मार्था म्हणते, “स्वयंपाकाचंही तसंच असतं.” म्हणून आता सांगत नाही.

लॉकडाऊनपासून मी घरूनच काम करतो, केडगावात. मागच्या खोलीत निरनिराळ्या पिढ्यांचे कॉम्प्युटर मांडून ठेवलेत, कारण पॅकेज बाहेर जाण्याआधी प्रत्येक जातीच्या प्रोसेसरवर चालवून पाहावं लागतं. कोपऱ्यात सर्वांत जुना, पितळेच्या पातेल्याएवढा तापणारा. दोन-अडीच वर्षांपूर्वी मी त्याला तपासणीच्या यादीतून काढला. म्हटलं, असले म्हातारे आता वापरतंय कोण. भंगारवाल्याला हाकही मारली होती. पण मार्था आडवी आली. थंडीत तिचं दही लागत नसे. या म्हाताऱ्याच्या डोक्यावर विरजणाचं पातेलं ठेवलं, की सकाळी सुरीनं कापावं असं दही. म्हणून तो राहिला. दिवसभर नुसता चालू राहायचा, काम काही नाही, डोक्यावर पातेलं. घरातल्या कर्त्या पुरुषासारखा, असं मीच एकदा म्हणून गेलो आणि मग बराच वेळ ते वाक्य घरात फिरत राहिलं.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवारी दुपारी मार्थाचा धाकटा भाऊ दीपक मोटारसायकलवर आला. दीपक कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. तीन वर्षं तात्पुरता होता, आणि कायम झाल्याची ऑर्डर त्या महिन्यात यायची होती. मला वाटलं पेढे घेऊन आलाय. तो हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावरच बसला.

मार्थानं विचारलं, “आज शिफ्ट नाही?”

“शिफ्ट हाय. मला न्हाई.”

त्यानं खिशातून घडी घातलेला मेमो काढला आणि बहिणीकडं न देता माझ्याकडं दिला. ओलाव्याच्या मर्यादेत फेरफार केल्याचा संशय. तीन दिवसांत लेखी खुलासा. तोपर्यंत कामावर येऊ नये.

प्रकार असा झाला होता. ओली पावडर ड्रायरमध्ये वाळवतात. वाळली की नाही ते पाहायला चोवीस ठिकाणचे नमुने काढून प्रत्येकाचा ओलावा मोजतात. ते चोवीस आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले, की तो सरासरी काढतो. सरासरी शून्य पॉइंट पन्नासपेक्षा कमी आली तर पडद्यावर ‘पास’ येतं, नाहीतर ‘नापास’. ड्रायर खोलीतल्या कॉम्प्युटरनं त्या दिवशी कागद काढला: सरासरी ०.५०, पास. दीपकनं पावडर उतरवली. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या नव्या कॉम्प्युटरवर तेच चोवीस आकडे घातले. कागद निघाला: सरासरी ०.५०, नापास.

“आता पन्नास काय पन्नासापेक्षा कमी न्हाई,” दीपक म्हणाला. “लॅबचं बराबर हाय, त्ये मला बी कळतंय. त्ये म्हणत्यात, तू लिमिट एकावन्न केलीस, पास काढलंस आन् परत पन्नास केलीस. पासवर्ड माझ्याकडं असतो ना. शिफ्ट संपत आली व्हती, घरला जायची घाई झाली आसंल, आसं तोंडावर म्हणाले.”

“आणि तू?”

“मी काय म्हणणार? मिशीन पास म्हणलं, मी उतरवली. पावडर परत वाळवून घेतली त्येंनी, तिचं काय बिघडलं न्हाई. पण दाजी, मी हात लावला न्हाई.”

“तोच कॉम्प्युटर परत चालवून पाहिला का त्यांनी?”

“सील केला. पुरावा म्हणं. लॅबवाल्यावर धा येळा चालवला, धाही येळा नापास.”

मेमोला तीन कागद जोडलेले होते. दोन ते छापील निकाल, चोवीस आकड्यांसकट. तिसरं, ज्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर बनवून दिलं तिचं पत्र. दोन कॉम्प्युटर वेगळे असल्यामुळे फरक पडू शकतो का, असं कारखान्यानं विचारलं होतं. त्यांनी कळवलं होतं, की शक्य नाही. आत वापरलेल्या गणिती संचाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे, ‘प्रोसेसर कोणताही असो, वेग बदलेल, उत्तर बदलणार नाही.’

ते वाक्य मी ओळखलं. वाक्य माझं होतं. तीनेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी मी ते लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर दोनदा मोठ्यानं वाचलंही होतं, इतकं ते मला आवडलं होतं.

मी कागदाची घडी घातली आणि दीपकला म्हटलं, “बघू.” एवढंच. माझ्या शौर्याची ही हद्द.

जेवताना मार्था म्हणाली, “दुसरी भाकरी नको?” मी नको म्हटलं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि भाकरी दीपकच्या ताटात टाकली.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात. प्रस्तावना नाही.

“जावई, येकच सांगा. पोरानं काट्याला हात लावलाय का?”

“नाही लावला म्हणतोय आप्पा.”

“त्यो म्हणतोय त्ये मी बी ऐकलं. तुम्ही काय म्हणता?”

“बघतोय.”

“बघा. लावला आसंल तर मला आधी सांगा, गावातनं कळाय नको.” मग म्हणाले, “पस्तीस वरसं काटा धरला मी. लोकं दुष्काळाला शिव्या द्यायची, व्यापाऱ्याला द्यायची. मला कुणी दिली न्हाई.”

शुक्रवारी सकाळी मी मागच्या खोलीत बसलो. चोवीस आकडे हातानं घातले, प्रत्येक ठिकाणच्या नमुन्याला किती महत्त्व द्यायचं तेही कागदावर होतं, ते घातलं, आणि ०.५० ची मर्यादा लावली. पहिला कॉम्प्युटर: ०.५०, नापास. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळे एका सुरात नापास.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. माझं वाक्य सुटलं होतं. आणि वाक्य सुटलं म्हणजे मेव्हणा अडकला, हे समजायला मला एक कप चहा लागला. मग मी त्याच्याबद्दल विचार करायला लागलो. तरणा पोरगा, शिफ्टचा शेवट, नवीन लग्न झालेलं, घरी जायची ओढ. एका आकड्याचा तर प्रश्न. मी असतो तर? असं करत करत दुपारपर्यंत मी त्याला मनातल्या मनात दोषी ठरवून माफही करून टाकलं होतं. या माफीची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

मार्था चहाचा कप न्यायला आली. “काय म्हणतायत हे?”

“सगळे एकच म्हणतायत.”

“म्हणजे दीपक खोटा.”

“असं मी म्हटलं नाही.”

“तुमच्या पाठीनं म्हटलं. दारातनं दिसत होतं.” ती कप घेऊन निघाली आणि उंबऱ्यात थांबली. “दह्याच्याला विचारलंत?”

“तो यादीत नाही. काढलाय त्याला मी.”

“यादीतनं काढलाय. खोलीतनं नाही.”

आता तिला प्रोसेसरमधलं काही कळत नाही, आणि कळतं असं तिनं कधी म्हटलंही नाही. पण घरातल्या पाच जणांना विचारून सहाव्याला वगळायचं, हे तिला पटलं नव्हतं. मला मात्र एकदम दीपकचं ‘सील केला’ आठवलं; ड्रायर खोलीतला तो कॉम्प्युटर कुणी परत चालवलाच नव्हता. मी त्याला फोन लावला. “ड्रायर खोलीतला कॉम्प्युटर केवढा जुना आहे रे?”

“लय. आमी त्याला आजोबाच म्हणतो.”

मी म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं पातेलं उतरवून मार्थाच्या हातात दिलं. पातेल्यानं टपावर गोल पांढरा डाग पाडला होता. त्यावर पॅकेज चढवलं, चोवीस आकडे घातले. तो बराच वेळ घरघरला. मग पडद्यावर आलं: सरासरी ०.५०. पास.

मी आकडे पुसून परत घातले. पास. मर्यादा तपासली. पन्नासच होती, तिला कुणी हात लावला नव्हता, कारण खोलीत मी, मार्था आणि दही सोडून कुणी नव्हतं.

मग मी यंत्राला सांगितलं, दशांशाच्या दोन घरांवर थांबू नको, आतला पुरा आकडा दाखव. नव्या कॉम्प्युटरनं दाखवलं, पॉइंट पाच आणि मागं सगळी शून्यं. म्हणजे बरोबर अर्धा, अर्ध्यापेक्षा कमी नाही, नापास. म्हाताऱ्यानं दाखवलं, पॉइंट चार आणि पुढं ओळीनं पंधरा नऊ. म्हणजे अर्ध्याला एक केसभर कमी. पास. आणि कागदावर दोनच घरं छापायची म्हटल्यावर दोघंही लिहिणार, ०.५०.

मार्था पातेलं तसंच हातात धरून स्टुलावर बसली. त्या खोलीत ती बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

“म्हणजे त्यानं काही केलं नाही.”

“काही नाही.”

तिनं डोळे मिटले, ओठ हलले; कुणाचे आभार मानले ते मला विचारायची गरज नव्हती. मग डोळे उघडून म्हणाली, “असं कसं होतं पण? आकडे तेच, बेरीज तीच.”

ही गोष्ट आमच्या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक असते आणि बाहेर कुणाला सांगत नाहीत. कॉम्प्युटरच्या वहीत घरं मोजकीच. प्रत्येक बेरजेनंतर तो शेवटचं घर सोडून देतो. समजा एक माणूस हिशेबात फक्त पूर्ण किलो लिहितो, वरचे ग्रॅम सोडून देतो. त्याच्याकडं नव्व्याण्णव किलोचं पोतं आहे आणि चारशे-चारशे ग्रॅमच्या तीन पिशव्या. पोत्यात पहिली पिशवी मिळवली, लिहिले नव्व्याण्णव. दुसरी मिळवली, नव्व्याण्णव. तिसरी, नव्व्याण्णव. पण त्यानं तिन्ही पिशव्या आधी एकत्र मापल्या तर एक किलो वर. ती पोत्यात मिळवली, झाले शंभर. माल तोच. क्रम बदलला. दोन पाट्या उचलणारा गडी एका क्रमानं बेरीज करतो, आठ उचलणारा दुसऱ्या क्रमानं. एरवी हा फरक सोळाव्या-सतराव्या घरात मरून जातो, कुणाचं काही अडत नाही. पण आकडा नेमका उंबऱ्यावर येऊन बसला, की तो केसभर फरक माणसाला आत ढकलतो नाहीतर बाहेर.

“आधी आप्पांना फोन लावा,” मार्था म्हणाली.

लावला. सगळं समजावून सांगायची तयारी केली होती, पिशव्यांसकट. आप्पांनी अर्ध्यात थांबवलं.

“यात नवीन काय हाय? येक-येक पोतं मापलं तर येक वजन येतं, आन् सगळी गाडी मोठ्या काट्यावर घातली तर दुसरं. कवाच जुळत न्हाई. जुळलं तर समजायचं कुणीतरी जुळवलंय.”

“मग तुम्ही काय करत होता?”

“पट्टीवर, म्हंजी वजनाच्या चिठ्ठीवर लिव्हायचं, कोन्त्या काट्यावर मापलं. काट्याचा नंबर असतो ना. भांडण झालं, की त्योच काटा काढायचा. तुमच्या दुकानात न्हाई लिवीत व्हय?”

“नाही आप्पा.”

“आन् एवढी शिकलेली मानसं.” मग लगेच परत विचारलं, “पोरानं हात न्हाई ना लावला?”

“नाही लावला.”

मग आप्पांनी फोन तसाच खाली ठेवला असावा, कारण मला त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या.

आता कामाचा दुसरा अर्धा उरला होता. मी मार्थाला ते वाक्य दाखवलं आणि सांगितलं, की माझं आहे.

“काल कागद वाचलात तेव्हा ओळखलंत?”

“हो.”

“म्हणून भाकरी नको होती.”

मी माझ्या साहेबाला फोन केला. अनिकेत माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणतो, मी त्याला सर म्हणतो, दोघांनाही ते अवघड जातं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. “काका, लेखी द्यावं लागेलच का? म्हणजे असं लिहू या, ‘काही विशिष्ट परिस्थितीत अत्यल्प तफावत संभवते’. कुणाची चूक असा शब्द नको. बाकीची गिऱ्हाइकं विचारायला लागतील.”

“विचारू देत सर.”

“तुमच्यावर येईल.”

मी काही शूर माणूस नाही, हे एव्हाना वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. पण मार्था समोर बसून शेंगा सोलत होती, आणि तिनं माझ्याकडं पाहणं मुद्दाम टाळलं होतं. “माझ्यावरच यायला पाहिजे,” मी म्हटलं. अनिकेत म्हणाला, “बरं. मग मी पण सही करतो खाली.” पोरगा चांगला आहे. हे त्याला अजून सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी म्हाताऱ्याला मार्थाच्या जुन्या गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. शेजारी दीपक, इस्त्रीचा शर्ट घालून, एक हात म्हाताऱ्यावर. चौफुला, पाटस, कुरकुंभ. कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता, बिहारकडचा. त्यानं गोधडी उघडून पाहिली.

“अंकल, ये क्या ले जा रहे हो अंदर?”

“गवाह है,” मी म्हटलं.

त्यानं रजिस्टरमध्ये ‘पुराना कंप्यूटर, एक’ असं लिहिलं आणि माझी सही घेतली.

आत क्वालिटीच्या प्रमुख मॅडम होत्या, बारीक चष्म्याच्या, शांत बोलणाऱ्या. टेबलावर मी म्हातारा ठेवला, शेजारी माझा नवा लॅपटॉप. मॅडमचं लक्ष आधी टपावरच्या गोल डागाकडं गेलं.

“हे काय?”

“दही.”

त्यांनी ते वहीत लिहिलं. खरंच लिहिलं, मला उलटं वाचता येतं.

दोन्हीकडं चोवीस आकडे त्यांनी स्वतः घातले. लॅपटॉप: ०.५०, नापास. म्हातारा: ०.५०, पास. त्यांनी परत घातले. मग उठून स्टोअरमधून सील केलेला ड्रायर खोलीतला कॉम्प्युटर मागवला, सगळ्यांसमोर सील तोडलं, मर्यादा पाहिली, पन्नास, आणि तेच आकडे घातले. पास. दीपक दाराशी उभा होता. त्यानं भिंतीला टेकून घेतलं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र त्यांच्या हातात होतं. “हे वाक्य कोणी लिहिलं?”

“मी.”

“असं होऊ शकतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

इथं ‘नव्हतं’ म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. “माहीत होतं,” मी म्हटलं. “खरं लिहायला गेलं तर वाक्य लांबत होतं. हे वाचायला चांगलं वाटत होतं.”

त्यांनी पत्राची घडी घातली. “तुमच्या एका चांगल्या वाक्यावर मी या मुलाला खोटा ठरवलं,” त्या म्हणाल्या. मग, जरा खालच्या आवाजात, “त्याचा कॉम्प्युटर मी परत चालवून पाहायला हवा होता. तेही लिहून ठेवते.” आणि दीपकला म्हणाल्या, “दुसरी शिफ्ट आहे ना तुझी? जेवून ये.”

माझ्या आणि अनिकेतच्या सहीचं पत्र मी टेबलावर ठेवलं, आणि मेमो त्याच दिवशी मागं घेतला गेला. कायमची ऑर्डर पुढच्या महिन्यात आली, कारखान्याच्या गतीनं. माझं म्हणाल तर नोकरी राहिली. मर्यादेच्या उंबऱ्यावर आकडा आला तर काय करायचं, हे सॉफ्टवेअरवाल्यांनी नीट ठरवलं. आणि आमचं पॅकेज आता प्रत्येक निकालाखाली एक बारीक ओळ छापतं: आतला कोणता गडी वापरला, म्हणजे कोणत्या काट्यावर मापलं. ही सुधारणा कोणी सुचवली असं ऑफिसात विचारलं तेव्हा मी ‘बाजार समितीतल्या एका तज्ज्ञानं’ असं सांगितलं. माहितीपत्रकातलं वाक्यही बदललं. आता ते लांब आहे, तीन ओळींचं, आणि मोठ्यानं वाचावंसं कुणाला वाटणार नाही. माती तपासणीच्या मास्तरांना पहिली प्रत पाठवली, वीस वर्षं उशिरा. त्यांनी पोच दिली, ‘लेखी मिळाले’.

त्या शनिवारी जेवायला घरी परत येताना पाटसच्या पुढं दीपकनं गाडी थांबवायला लावली. उसाचा रस पिताना म्हणाला, “दाजी, येक विचारू? मधी तुमाला बी वाटलं व्हतं ना, मी लिमिट बदलली म्हणून?”

“अर्धा दिवस.”

“मला बी वाटाय लागलं व्हतं,” तो म्हणाला. “समदेच म्हणत्यात तर आपल्याच हातून झालं आसंल, आन् आपुन इसरलो आसू.” आणि ग्लास खाली ठेवून हसायला लागला, आणि हसता हसता त्याला शर्टाच्या बाहीनं डोळे पुसावे लागले. रसवाल्यानं न विचारता दुसरा ग्लास भरला.

घरी पोचल्यावर मी मार्थाला सगळं सांगितलं. मॅडम, सील, उलटं वाचलेलं दही, सगळं. माझं ‘माहीत होतं’ हे उत्तर मी जरा रंगवून दोनदा सांगितलं. ती ऐकत म्हाताऱ्याच्या अंगावरची गोधडी सोडत होती. त्याला कोपऱ्यात ठेवायला लावलं, वायर जोडायला लावली, फडक्यानं टप पुसला. डाग निघाला नाही. मग विरजणाचं पातेलं आणून बरोबर डागावर ठेवलं आणि म्हणाली, “याला आता भंगारात द्यायचं नाही. तुम्हालाही मी देत नाही. दोघंही तापता फार, पण उशिरा का होईना, खरं बोललात.”